पॉलीहाऊसचा हिशेब गावालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर पॉलीहाऊसच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालच्या शेतीच्या, यशोगाथा नेमाने येतात. मी त्या आवडीने वाचते. आमच्याच घरात दहा गुंठ्यांचं जरबेराच्या फुलांचं पॉलीहाऊस आहे. दिरांनी ते उभं केलं, आता पुतण्या बघतो. त्याआधी मी स्वतः गुलाबाच्या एका मोठ्या फार्मवर रोजाने जात होते, आणि मध्यंतरी एक टर्म ग्रामपंचायतीची सदस्यही होते. त्यामुळे मालकाचं घर, मजुरीची पाळी आणि गावाच्या तक्रारी हे तिन्ही मला जवळून माहीत आहे. त्यावरूनच हे लिहिते आहे.

यशोगाथेत किती गुंठे, किती अनुदान, किती फुलं, काय दर आणि निव्वळ नफा किती एवढं असतं. ते खरंच असतं. पण हा सगळा हिशेब पॉलीहाऊसच्या दाराच्या आतला. दाराबाहेर शेजाऱ्याचं भाताचं खाचर असतं, ओढा असतो, आत राबणाऱ्या बायांची घरं असतात. या लोकांना पॉलीहाऊसबद्दल काय वाटतं हे विचारायला कृषी खात्याचं, बँकेचं किंवा वर्तमानपत्राचं कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या आमच्या पवन मावळातलं सांगते.

आधी चांगलं सांगते, कारण ते फार मोठं आहे. मावळात शेती म्हणजे भात. ज्या इंद्रायणीचं नाव सगळीकडे झालं, तो वाण १९८७ साली इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिला. पण भात निघाला की रान मोकळं. पाणी असलं तर हरभरा, नाहीतर पोरं एमआयडीसीच्या गेटवर आणि बाया हायवेच्या हॉटेलात भांड्याला किंवा बंगल्यांवर कामाला. पुण्या-मुंबईच्या मधोमध आणि वर धरणाचं पाणी समोर, त्यामुळे जमीन विचारायला गाड्या येतच असतात. ज्यांनी गुंठे काढून विकले त्यांच्यातले कितीतरी जण आज त्याच जागेवरच्या बंगल्याचे रखवालदार आहेत. ज्यांच्या रानात पॉलीहाऊस उभं राहिलं त्यांनी मात्र जमीन विकली नाही. दहा गुंठ्यांतून घर चालतं हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ती शेतीत राहिली. आमचा पुतण्या डिप्लोमा झालेला आहे, कंपनीत लागला असता. तो पहाटे फुलं काढतो, दुपारी बॉक्स भरतो आणि संध्याकाळी गाडीला लावतो. पुण्याचा गुलटेकडी नाहीतर मुंबईचा दादर फूलबाजार, तिथे भाव नसला तर हैदराबाद किंवा नागपूर. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पॉलीहाऊसबद्दल विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगतील, की यामुळे जमीन राहिली.

दुसरं म्हणजे बायांच्या हाती आलेला पैसा. भाताची लावणी महिनाभराची, काढणी पंधरा दिवसांची. फुलांना वर्षभर माणूस लागतं आणि पगार आठवड्याला किंवा महिन्याला हातात पडतो. गुलाबाच्या फार्मवर व्हॅलेंटाईनचा माल धरायचा तर डिसेंबरातच काड्या वाकवायच्या, नको त्या कळ्या खुडायच्या, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा फेब्रुवारीपर्यंत ग्रेडिंग हॉलमध्ये रात्रपाळीसुद्धा करायची. दांडीची लांबी मापायची, वीस-वीस फुलांचे बंच बांधायचे, कूलिंगला लावायचे. हे हातांचं कसब आहे आणि ते आमच्या बायांनी सहा महिन्यांत उचललं. त्या पैशांवर मुली कामशेतला, तळेगावला कॉलेजात गेल्या. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही, माझी स्वतःची मुलगी त्यात आहे.

आता पाण्याचं. आमच्याकडे पाणी हा नाजूक विषय आहे. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि आमची तीन माणसं गेली. त्यामुळे कुणाचं पाणी कुठे जातं हे इथला माणूस बारकाईने बघतो. पॉलीहाऊसवाले फार पाणी ओढतात, अशी गावात एक समजूत आहे. ती मला पटत नाही. दहा गुंठ्यांत जरबेराची साधारण सहा हजार रोपं बसतात आणि एका रोपाला ड्रिपने दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाचे तीन ते साडेचार हजार लिटर. उसाला मोकाट पाटाने पाणी देणाऱ्याने यावर बोलू नये.

गावाचं खरं दुखणं पावसाळ्यात असतं. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. त्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी गटरातून, म्हणजे छताच्या पन्हळीतून, खाली येतं. आषाढात आमच्याकडे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात एक लाख लिटर. आधी हे पाणी रानात मुरत होतं, खाचराखाचरांतून हळूहळू उतरत होतं. आता ते प्लास्टिकवरून घसरतं आणि दोन-तीन नळांच्या तोंडातून एका जागी पडतं. ते पडतं ती जागा नेहमी खालच्या शेजाऱ्याच्या बांधाशी असते, कारण स्ट्रक्चर उभारताना जमीन सपाट करून उतार तिकडेच काढलेला असतो.

आमच्या शेजारच्या आबांचं खाचर असंच आहे. लावणी होऊन चार-पाच दिवस झाले होते, रोप अजून धरलंही नव्हतं, आणि रात्रीच्या पावसात वरच्या पॉलीहाऊसचं पाणी येऊन बांध फुटला. सकाळी गेलो तर फुटलेल्या जागी घोटाभर खड्डा, खालच्या दोन खाचरांत गाळ आणि मुरूम पसरलेला, आणि आवण मुळासकट उपटून कोपऱ्यात गोळा झालेलं. आबा बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, “अनुदान तुम्हाला, आन् पाणी मला व्हय?” त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि पॉलीहाऊसच्या मालकाकडेही नव्हतं. त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं ते लग्नकार्यातही सुटलं नाही.

यातली हळहळ लागते ती अशी की त्या पाण्याला नुसतं धरलं असतं तरी दोन्ही घरांचं भलं होतं. एका दिवसाच्या पावसाचं ते लाख लिटर पाणी म्हणजे त्याच पॉलीहाऊसची तीन-चार आठवड्यांची गरज. गटराला पाईप जोडून अस्तराच्या शेततळ्यात ते सोडलं तर एप्रिल-मे सहज निघतो, बोअरवर ताण येत नाही आणि खालचा बांधही शाबूत राहतो. पावसाचं पाणी क्षारमुक्त असतं, ड्रिपचे ड्रिपर चोंदत नाहीत, फुलांना तर ते उत्तमच. काही शहाण्या शेतकऱ्यांनी हे केलंही आहे. पण अनुदानाला मंजुरी देताना पाईपाची जाडी, पेपरचे म्हणजे छताच्या प्लास्टिकचे मायक्रॉन, बोल्टची संख्या सगळं तपासतात, आणि छतावरचं पाणी कुठे जाणार हा प्रश्न कागदावर कुठेच आडवा येत नाही.

आत काम करणाऱ्या बायांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. जरबेराचं फूल कात्रीने कापत नाहीत. दांडा बुडाशी धरून बाजूला झुकवायचा आणि हलका हिसका देऊन ओढून काढायचा, नाहीतर राहिलेला देठ कुजतो आणि बुरशी लागते. मग पाण्याच्या बादलीत, मग प्रत्येक फुलाला प्लास्टिकची कॅप, मग दहाची जुडी. हे करताना बाई दीड फूट उंच बेडवर वाकलेली असते, तासन् तास. चैत्र-वैशाखात अकरा वाजले की आत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त उकाडा, वाऱ्याची झुळूक नाही आणि हवा दमट. पदर, रुमाल, त्यावर मास्क बांधला तर श्वास कोंडतो, नाही बांधला तर औषधाचा वास घशात बसतो.

औषधाचं सांगायचं तर फवारणी पुरुष करतात, पण फवारलेल्या रोपांत दिवसभर हात घालून काम बायाच करतात. कोळी, फुलकिडे, भुरी, करपा, काही ना काही कीड-रोग चालूच असतो. उघड्या रानात मारलेलं औषध वाऱ्याने उडून जातं. इथे ते छताखाली कोंडून राहतं. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारल्यावर आत कधी जायचं हेही कागदावर बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते कागद बायांपर्यंत येतच नाहीत. संध्याकाळी काय मारलं हे सकाळी फुलं काढायला जाणाऱ्या बाईला माहीत नसतं. मी कामाला जात होते तेव्हा डोळे चुरचुरणं, डोकं धरणं, हातांवर पुरळ याला आम्ही “आतलं लागलंय” म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो, कारण खाडा पडला की पैसे गेले. पोटुशी बाईसुद्धा पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत येत असे. नवीन बेड भरण्याआधी माती निर्जंतुक करायला फॉर्मेलिन ओततात आणि वर प्लास्टिक अंथरून आठवडाभर झाकतात. ते प्लास्टिक उचलण्याच्या दिवशी काय वास सुटतो हे ज्याने उचललं आहे त्यालाच ठाऊक. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात चर्चा झाली. ती उघड्यावरच्या कपाशीची होती. छताखालच्या शेतीची तशी चर्चा व्हायला कुणाचा जीव जाण्याची वाट बघायची का?

तळेगाव दाभाड्याला हरितगृहाचं चांगलं प्रशिक्षण मिळतं, दीर तिथे जाऊन आले होते. त्यांना खतांच्या टाक्या, पाण्याचा पीएच (आम्लता), ईसी (क्षारांचं प्रमाण) सगळं नीट शिकवलं. पण त्या वर्गात आमच्यासारख्या काढणीच्या बाया कधी गेल्या नाहीत. ज्यांचे हात रोज औषधाला लागतात त्यांच्यासाठी एक दिवसाचा वर्ग गावातच, शाळेत किंवा मंदिरात, घ्यायला काय हरकत आहे?

मग जुना पेपर. पॉलीहाऊसवरचं २०० मायक्रॉनचं प्लास्टिक उन्हाने तीन-चार वर्षांत पिवळं पडतं, तडकतं, आणि बदलावं लागतं. दहा गुंठ्यांचा छताचा आणि बाजूंचा मिळून तो दोन-अडीचशे किलो भरतो. त्यातला थोडा पावसाळ्यात गोठ्यावर, पेंढ्याच्या गंजीवर, सरपणावर टाकायला गावातले लोक मागून नेतात. बाकीचा शेवाळलेला, मातीने बरबटलेला असतो. भंगारवाला नाक मुरडतो, घेतलाच तर मातीचं वजन म्हणून निम्मे पैसे कापतो. मग तो ओढ्याच्या कडेला टाकतात नाहीतर रात्री पेटवून देतात. पेटवला की काळा धूर खाली बसतो, लहान मुलं खोकत उठतात. न पेटवलेल्याचे तुकडे होऊन ते पुढच्या पावसात भाताच्या चिखलात येतात. लावणी करताना पायाला लागतात, गुरांच्या वैरणीत जातात. प्लास्टिक जाळायला कायद्याने बंदी आहे हे ग्रामपंचायतीला माहीत आहे. मी सदस्य असताना हा विषय मासिक सभेत घेतला होता. पण जाळू नका म्हटल्यावर “मग न्यायचं कुठे?” या प्रश्नाला सभेत कुणाकडेच उत्तर नव्हतं. नवा पेपर विकणाऱ्यानेच जुना वजनावर परत घ्यावा, आणि तशी पावती असल्याशिवाय नव्याचं बिल धरू नये, अशी सोय सरकारने केली तर एका हंगामात फरक पडेल.

तांबड्या मातीचंही सांगायला हवं. जरबेराला निचऱ्याची माती लागते म्हणून बेड भरायला डोंगराच्या पायथ्याची तांबडी माती आणतात, त्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळतात. गायरानाला लागून जिथून माती उचलली गेली तिथे आता उभे कडे झाले आहेत आणि गुराखी तिकडे गुरं नेत नाहीत.

गावात पॉलीहाऊसबद्दल असूयाही आहे, ती लपवत नाही. सरकार निम्मे पैसे देतं, हे सगळ्यांना माहीत असतं. उरलेल्या निम्म्यासाठी घर, जमीन, सोनं बँकेत आहे, हे घरच्यांनाच माहीत असतं. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत मोठ्या पॉलीहाऊसला चौरस मीटरला ८४४ रुपये खर्च धरला होता, त्याच्या ५० टक्के अनुदान. पुढच्या काळात लोखंड, पेपर, रोपं सगळं चढत गेलं आणि बांधणारा खरं बिल लावतो, निकषातलं लावत नाही. २०२० साली २५ मार्चला टाळेबंदी लागली. लग्नं बंद, मंदिरं बंद, बाजार बंद. फूल विकलं नाही म्हणून झाडावर ठेवता येत नाही, रोप खराब होतं. दीर रोज मजूर लावून फुलं काढत होते आणि खड्ड्यात टाकत होते. ते सावरतंय न सावरतंय तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरचं वादळ मावळात काय करणार असं वाटत होतं. त्याने कित्येकांचे पेपर फाडले, पाईप वाकवले, काहींची स्ट्रक्चरच्या स्ट्रक्चर आडवी केली. आमचा सगळा पेपर गेला, लोखंड वाचलं म्हणून आम्ही टिकलो. वाकलेले पाईप आजही काही रानांत तसेच गंजत उभे आहेत, त्यांना वेल चढले आहेत. त्या घरांची यशोगाथा पूर्वी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत आलेली होती. नंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. शेजाऱ्यांनी मात्र भाकरी-कालवण पोचवलं, त्यात ज्यांचे बांध फुटले होते तेही होते. त्यात वर प्लास्टिकची फुलं आली. सणासुदीला आमच्याच तालुक्यातल्या मंगल कार्यालयांत कृत्रिम फुलांच्या कमानी बघितल्या की पोटात तुटतं. त्यांच्यावर बंदीचा विषय २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात निघाला. तो तडीस जावा, एवढं तरी आमच्या लोकप्रतिनिधींनी बघावं.

शेवटचा विषय बाहेरून आलेल्या माणसांचा. मोठ्या फार्मवर आता झारखंड, ओडिशा आणि आपल्या मराठवाड्यातली जोडपी राहायला असतात. पॉलीहाऊसच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिथेच खतांची पोती, तिथेच चूल. गावात बोललं जातं की यांच्यामुळे आमच्या बायांचा रोज वाढत नाही, आणि आमच्या कातकरी वाडीतल्या बायांना फक्त जानेवारी-फेब्रुवारीतच बोलावणं येतं. यातलं दुसरं खरं आहे आणि ते चुकीचं आहे. पण त्याचा राग त्या जोडप्यांवर काढणं मला मान्य नाही. त्यांची लेकरं दिवसभर बेडच्या मधल्या वाटेत खेळतात, तिथेच झोपतात, फवारणीच्या दिवशीही. अंगणवाडीच्या यादीत ती नसतात, कारण कुणी नाव घालायला जात नाही. मालकाने कामगार ठेवला की त्याच्या मुलांचं नाव आठ दिवसांत अंगणवाडीत घातलं पाहिजे, असा ठराव आमच्या ग्रामपंचायतीने करावा म्हणून मी अजून मागे लागलेली आहे.

पॉलीहाऊस नकोत असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात त्यावर दोन वेळची चूल पेटते आणि गावात त्यामुळे जमीन टिकली. माझी मागणी एवढीच आहे की अनुदानाचा अर्ज मंजूर होण्याआधी तो ग्रामसभेत वाचला जावा. छताचं पाणी कुठे नेणार, जुना पेपर कुणाला देणार, फवारणीनंतर आत कधी जायचं याचा फलक दाराला लावणार की नाही, आणि माती कुठून उचलणार, या चार गोष्टी अर्जदाराने गावासमोर सांगाव्यात. मोका तपासणीला येणाऱ्या कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याने बोल्ट मोजतानाच खालच्या शेजाऱ्याचीही सही घ्यावी.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या यशोगाथेसाठी आपला प्रतिनिधी मावळात येईल तेव्हा त्याने मालकाचा फोटो जरूर काढावा, पण फुलं काढणाऱ्या दोन बायांशी आणि खालच्या खाचरवाल्याशीही बोलावं. शक्य असेल तर जुलैत यावं, पाऊस चालू असताना. येणार असेल तर आधी कळवावं, मी स्वतः बरोबर येईन.

आपली नम्र,
एक शेतकरी महिला व माजी ग्रामपंचायत सदस्य,
पवन मावळ, जि. पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)